चिंचोक्याचं टरफल आणि गाईचा ढेकर

भाजलेला चिंचोका खाण्याआधी त्याचं तपकिरी टरफल काढून टाकतात. चुकून ते दाताखाली आलंच, तर जीभ आखडते आणि तोंड कोरडं पडतं. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटू लागते. हिरडा, सुपारी, कोरा चहा यांचा तुरटपणाही याच कुळातला. बाभळीच्या सालीनं कातडं कमावतात तेही याच गुणावर: टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरतं आणि कुजू देत नाही.

ही पकड गाईच्या पोटातही चालते.

गाय कडबा खाते, पण तो पचवतात तिच्या कोटीपोटातले, म्हणजे चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव. ते चारा आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. सोबत हायड्रोजनही निघतो, आणि तो साचला तर आंबवण्याचं काम मंदावतं. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून टाकतात. म्हणजे ते निव्वळ उपद्रवी नाहीत, कोटीपोटाची साफसफाई तेच करतात. मात्र तयार झालेला मिथेन गाईच्या काही कामाचा नसतो. तो बहुतांशी ढेकरातून, तोंडावाटे बाहेर पडतो. चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटींहून अधिक गायी-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत, त्यातल्या कितीतरी कडब्यावर आणि भुशावर. अशा तंतुमय चाऱ्यातून हायड्रोजन जास्त सुटतो.

टॅनिन इथे तीन बाजूंनी काम करतं. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ ते रोखतं. हे सूक्ष्मजीव ज्या एकपेशीय प्रोटोझोआंच्या आश्रयानं राहतात, त्यांची संख्याही घटवतं. आणि तंतूंचं पचन सावकाश करून हायड्रोजनच कमी निघू देतं. मला काळजी वाटते ती या तिसऱ्या वाटेची. कडबा न पचल्यामुळे मिथेन घटला, तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? म्हणून मिथेन किती टक्के घटला हे ऐकल्यावर लगेच विचारावं: गाय किती जेवली, दूध किती दिलं?

सगळा खेळ मात्रेचा आहे. संघनित टॅनिन (टॅनिनचा एक प्रकार) कोरड्या चाऱ्याच्या २ ते ४ टक्के असेल तर सहसा फायदा दिसतो. ५ टक्क्यांच्या पुढे जनावर चाऱ्याला तोंड लावेनासं होतं. बेताच्या मात्रेत एक सुंदर गोष्ट घडते. कोटीपोटात टॅनिन चाऱ्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं, चौथ्या पोटाच्या तीव्र आम्लात ती पकड सुटते, आणि सूक्ष्मजीवांच्या तावडीतून वाचलेली प्रथिनं आतड्यात पोचून गाईच्या अंगी लागतात. हिरव्या घासानं होणारी पोटफुगीही टॅनिनमुळे आटोक्यात राहते.

बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेनं चिंचोक्याच्या टरफलावर बरंच काम केलं. चिंचोक्याची खळ घोंगडीला आणि सुताला लावतात हे आपल्याला माहीत आहे. ती पूड करताना टरफल वाया जातं, आणि नेमकं त्यातच टॅनिन भरपूर. संस्थेनं आधी ‘टॅमरिन प्लस’ आणि नंतर टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हा पूरक खुराक तयार केला. मोठ्या जनावराला तो दिवसाला अर्धा किलो द्यायचा आणि त्यानं मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असं संस्था सांगते. तीन महिन्यांखालच्या वासरांना तो देत नाहीत, कारण त्यांचं कोटीपोट अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं.

वाया जाणाऱ्या वस्तूचा असा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. पण घरच्या घरी चिंचोके फोडून टरफलं सरळ गव्हाणीत टाकू नयेत. टॅनिनचं प्रमाण झाडागणिक बदलतं, आणि ते मोजल्याशिवाय आपण गाईला औषध देतोय की तिची भूक मारतोय, हे कळायला मार्ग नसतो.