आंबोलीहून घरी परतल्यावर: आयनॅचरलिस्ट आपल्या सोयीनं लावून घ्या

पावसाळी रात्रभ्रमंतीला आलेल्या पाहुण्यांना आम्ही निघताना एक काम सांगतो. काढलेले फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या फोटोंची नोंद करून इतरांकडून त्यांची ओळख पटवून घेण्याच्या वेबसाइटवर. पुढच्या आठवड्यात हमखास फोन येतो, "अहो, ई-मेलनी डोकं उठवलंय, हे बंद कसं करायचं?" त्याचं उत्तर एकदाच लिहून ठेवावं म्हणून हे पत्रक.

आधी एक विनंती, सगळं बंद करू नका. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका पाहुण्यांनी कारवीच्या पानावरच्या इवल्याशा बेडकाचा सुरेख फोटो टाकला आणि वैतागून सगळ्या सूचना बंद केल्या. दोनच दिवसांनी एका जाणकारानं खाली विचारलं होतं, "याचा आवाज रेकॉर्ड केलाय का?" झुडपांतले हे बेडूक दिसायला एकमेकांसारखे असतात, आवाजावरून ते वेगळे काढता येतात. रेकॉर्डिंग फोनमध्ये होतं. प्रश्न त्यांनी पाहिला दिवाळीत, तोवर फोन बदललेला.

सविस्तर सेटिंग्ज वेबसाइटवर आहेत, अ‍ॅपमध्ये त्यातली थोडीच दिसतात. म्हणून फोनवरच करायचं असेल तरी ब्राउझरमधून लॉगिन करा. आपल्या चित्रावर टिचकी मारून 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा आणि 'नोटिफिकेशन्स'वर जा. तिथे ई-मेलच्या सूचना वेगळ्या आणि साइटवर दिसणाऱ्या सूचना वेगळ्या. गर्दी होते ती मुख्यतः 'कन्फर्मिंग आयडीज'मुळे. एखाद्या फुलपाखराच्या फोटोवर तुम्ही 'ब्लू मॉर्मन' असं नाव लिहिलंत आणि पाच जणांनी "बरोबर" म्हटलं, तर पाच सूचना. कौतुक वाटतं, पण कळण्यासारखं नवीन काही नसतं. हे एकच बटण बंद केलंत तरी निम्मा त्रास जातो, असा आमचा अनुभव आहे. कुणी वेगळी ओळख सुचवली किंवा प्रश्न विचारला तर ते तुम्हाला कळत राहतं. ई-मेल नकोच असतील तर तेही खुशाल बंद करा, मात्र मग अधूनमधून साइटवर डोकावत जा.

एखाद्याच नोंदीखाली तज्ज्ञांची लांबलचक चर्चा रंगली असेल, तर त्या नोंदीपुरतं 'अनफॉलो' करता येतं. एखाद्या व्यक्तीच्याच सूचना नको असतील तर 'रिलेशनशिप्स'मध्ये 'म्यूट' आहे. त्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही, संकोच नको.

आता नावांचं. 'कन्टेंट अँड डिस्प्ले'मध्ये नावं कशी दिसावीत ते ठरवता येतं: बोलीतलं नाव आधी, शास्त्रीय आधी, की नुसतं शास्त्रीय. आमचा सल्ला, दोन्ही ठेवा. 2015 साली महाराष्ट्रानं ज्याला राज्य फुलपाखरू केलं त्या ब्लू मॉर्मनला कुणी राणी पाकोळी म्हणतं, कुणी नीलवंत. पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर म्हटलं की वाद मिटतो. त्याच पानावर बोलीतल्या नावांच्या भाषाही निवडता येतात, एकापेक्षा जास्तसुद्धा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही घ्या, कारण मराठी नाव कुणीतरी आधी नोंदवलं असेल तरच दिसतं आणि बेडूक-कोळ्यांच्या बाबतीत ते बहुधा नसतंच. ठिकाण म्हणून भारत निवडलात, तर एकाच प्राण्याच्या अनेक नावांपैकी आपल्याकडचं नाव वर येतं. (आजीच्या तोंडचं एखादं नाव आठवत असेल तर ते प्रजातीच्या पानावर स्वतः जोडता येतं. जरूर जोडा.)

शेवटची तक्रार नकाशाची. "आम्ही आंबोलीत होतो आणि मित्राला ठिपका भलतीकडेच दिसतोय!" बिघाड नाही. धोक्यात असलेल्या प्रजातींची जागा साइट आपोआप झाकते. अक्षांश-रेखांशाच्या 0.2 अंशांच्या चौकटीत, म्हणजे साधारण 22 किलोमीटर बाजूच्या चौकोनात, ठिपका कुठेही टाकला जातो. तुम्हाला स्वतःला खरी जागा दिसते, इतरांना नाही. आंबोलीचा टोड (बेडकाचा एक प्रकार) जगात फार थोड्या जागी उरलाय, त्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, नेमका कुठला हे सगळ्यांना कळण्याची गरज नाही. म्हणून वर्णनात "अमुक हॉटेलच्या मागचा कातळ" असंही लिहू नका. घराच्या अंगणातल्या नोंदींसाठी हीच सोय स्वतः वापरता येते: नोंद भरताना जागेच्या गोपनीयतेत 'ऑब्स्क्युअर्ड' निवडा.

काही अडलं तर पुढच्या भ्रमंतीला फोन घेऊन या. रात्री जेवणानंतर, पाऊस उघडेपर्यंत, आपण बसून लावून देऊ.