बे एरियातल्या जुन्या घराचं पॉपकॉर्न सीलिंग काढायचंय? आधी कागद, मग खरवडणी

कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियात, म्हणजे सॅन होजे, फ्रीमाँट भागात १९६०-७०च्या दशकातलं घर घेतलं की छतावरचे ते पांढरे खडबडीत दाणे बहुतेकांना नकोसे होतात. पण त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारं तंतुमय खनिज) असू शकतं, आणि कोरडं खरवडलं तर त्याचे तंतू घरभर उडतात. सजावटीसाठी ॲस्बेस्टॉस फवारण्यावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली, तरी शिल्लक माल पुढेही वापरला गेला. त्यामुळे १९८०च्या सुमाराचं घरही तपासून घ्यावं.

तपासणीसाठी छताचे नमुने कॅल-ओशाने (कॅलिफोर्नियाची कामगार सुरक्षा यंत्रणा) प्रमाणित केलेल्या ॲस्बेस्टॉस सल्लागाराकडून घ्यावेत. एकसारख्या थराचं क्षेत्र हजार चौरस फुटांपर्यंत असेल, तर किमान तीन नमुने घेण्याची पद्धत आहे. एकाच कोपऱ्यातला चिमूटभर चुरा पुरेसा नाही. तपासणारा आणि काढणारा वेगळा असावा. काम मिळवण्यासाठी रिपोर्ट देणारा माणूस कशाला हवा?

ॲस्बेस्टॉस १ टक्क्याहून जास्त निघालं आणि १०० चौरस फूट किंवा अधिक छत काढायचं असेल, तर बे एरिया एअर डिस्ट्रिक्टला (इथली हवा प्रदूषण नियंत्रण संस्था) कामाच्या किमान १० कामकाजी दिवस आधी सूचना द्यावी लागते. दहा बाय दहाची एकच बेडरूमही या मर्यादेत येते. अमेरिकी केंद्र सरकारच्या नियमात चार किंवा कमी बिऱ्हाडांच्या इमारतींना सूट आहे, असं सांगणारे भेटतील. तेवढ्यावर विसंबू नका, इथला स्थानिक नियम वेगळा आहे. या सूचनेचा अर्ज सहसा ठेकेदार भरतो. शुल्क किती क्षेत्र काढायचं त्यावर ठरतं. भरलेल्या अर्जाची प्रत आणि मिळालेला जॉब नंबर स्वतःकडे ठेवा.

ठेकेदाराकडे सी-२२ (ॲस्बेस्टॉस काढण्याचं) लायसन्स आणि कॅल-ओशाची ॲस्बेस्टॉस नोंदणी, दोन्ही हवीत. लायसन्स राज्याच्या ठेकेदार मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येतं. घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. निम्मे पैसे आधी मागणाऱ्याला तिथेच नमस्कार.

ॲस्बेस्टॉस नाही निघालं, पण घर १९७८पूर्वीचं आणि छत रंगवलेलं असेल, तर जुन्या रंगातल्या शिशाचा प्रश्न उरतो. एका खोलीत ६ चौरस फुटांहून अधिक रंग विस्कटणार असेल, तर पैसे घेऊन काम करणारी कंपनी शिशाच्या कामासाठी ईपीए-प्रमाणित (ईपीए म्हणजे केंद्राची पर्यावरण संस्था) हवी.

काँडोत (सामायिक इमारतीतल्या मालकीच्या फ्लॅटमध्ये) असाल तर एचओएची, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची, लेखी मंजुरी घ्या. भाडेकरूंनी हे काम घरमालकावर सोडावं. आणि छत धड असेल, कुठे सुटत-गळत नसेल, तर त्याला हात न लावणं हाही पर्याय आहे.

काम झाल्यावर लॅब रिपोर्ट, सूचनेची प्रत, करार, हवेच्या चाचणीचा निकाल आणि कचऱ्याचं मॅनिफेस्ट (कचरा कुठे नेला याची नोंद) एकत्र ठेवा. कॅलिफोर्नियात घर विकताना भरायच्या प्रकटन फॉर्मात ॲस्बेस्टॉसबद्दल माहीत असेल ते सांगावं लागतं, तेव्हा खरेदीदार हेच कागद मागतो.