36 आले कुठून?

तिसरीतल्या भाचीची वही चाळत होतो. एका पानावर पाच वजाबाक्या, पाच लाल फुल्या आणि खाली शेरा: 'सराव आवश्यक'. पहिलंच गणित 41 − 17. तिचं उत्तर 36.

जानेवारी 2025 मध्ये 'असर 2024' या, मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या अहवालाची बातमी आली होती. ग्रामीण भारतात तिसरीच्या 33.7 टक्के मुलांनाच हातच्याची वजाबाकी जमते. 'असर'चे स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून तपासतात, म्हणून या आकड्याला वजन आहे. पण उरलेल्यांना 'येत नाही' म्हणजे नेमकं काय येत नाही?

41 मधून 17 गेले की 24. वर्गात मात्र 36, 34 आणि 30 हीही उत्तरं भेटतात. 36 वाल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला: सातातून एक, चारातून एक. 34 वाल्याने हातचा घेतला, पण चाराचे तीन करायचे विसरला. 30 वाला म्हणतो, एकातून सात जात नाहीत, म्हणजे उरलं शून्य. तिघांनाही फुलीच मिळते, पण दुखणी तीन आहेत. 1978 मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी मुलांच्या अशा चुकांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं, मूल अनेकदा नियम मन लावून पाळतं, फक्त नियमच बिघडलेला असतो. संगणकाच्या भाषेत, बग.

आता गंमत बघा. 58 − 23 द्या. तिघांचंही उत्तर 35, अगदी बरोबर! हे गणित कुणालाच पकडत नाही. उलट 502 − 137 द्या. बरोबर उत्तर 365. 'मोठ्यातून लहान' वाला 435 लिहील. शून्याला ओलांडून दोन्ही वेळा थेट पाचाकडूनच उसनं घेणारा 275. शून्याचे नऊ करून पाचाला हात न लावणारा 465. उत्तर वाचलं की रोग कळतो. चाचणीतलं गणित असं निवडावं लागतं की बिघडलेले नियम वेगवेगळ्या उत्तरांवर जाऊन पडतील. खरी कारागिरी इथे आहे, गुण देण्यात नाही.

महाराष्ट्रात 2010 पासून आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकता शिकता वर्षभर चालणारं मूल्यमापन आहे, त्यात तोंडीकामही आहे. 'कसं केलंस, सांग' हा प्रश्न तिथलाच. प्रत्यक्षात मात्र अनेकदा तयार यादीतल्या वर्णनात्मक नोंदी उतरवल्या जातात. दुसरीकडे पालक बोटांचे ठसे देऊन मुलाची 'जन्मजात बुद्धिमत्ता' मोजून आणतात, तेही भरपूर पैसे मोजून. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. हातच्याचं काय चुकतंय हे त्या कशा सांगणार?

भाचीला विचारलं. ती ठामपणे म्हणाली, "लहानातून मोठं जात नाही, म्हणून उलटं केलं." पहिलं वाक्य आपणच शिकवलेलं. अशा मुलाला 'सराव' दिला तर बिघडलेला नियमच पक्का होतो.

मग आगकाड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि वर एक सुटी काडी तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, सतरा दे. तिने न सांगता एका गठ्ठ्याचं रबर काढलं. उरल्या चोवीस. लगेच वहीत 63 − 28 दिलं.

तिने लिहिलं 45.

काड्या पुन्हा जवळ ओढल्या. या वेळी गठ्ठा सोडला की तिथेच थांबायचं, वहीतल्या सहाचे पाच करायचे, मगच पुढे.