एसटीत दृष्टिहीनांसाठी तिकीट सवलत: कोणाला मिळते, कार्ड कसं काढायचं, कागद काय लागतात

ज्यांना दिसत नाही किंवा खूपच कमी दिसतं त्यांना एसटीच्या साध्या गाडीत तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे, म्हणजे २०० रुपयांचं भाडं साधारण ५० वर येतं. पण डोळे अधू आहेत एवढं सांगून ती मिळत नाही, सर्टिफिकेटवर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लिहिलेलं लागतं. आणि ते ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या एका माणसालाही ५० टक्के सवलत मिळते. हे दोन आकडे डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्यावरच चालतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण यात लोकांच्या फार फेऱ्या होतात. एक डोळा पूर्ण गेलाय पण दुसरा व्यवस्थित आहे, तर सरकारी नियमाने ३० टक्केच धरतात, म्हणजे ही सवलत बसत नाही. तपासणीही चष्मा लावून होते, चष्म्याने नीट दिसत असेल तर नंबर कितीही मोठा असो, उपयोग नाही. काचबिंदू किंवा रातांधळेपणाच्या आजारात समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, त्यांनी मात्र घरी बसू नका, नजरेचा घेर किती उरलाय हेसुद्धा मोजतात आणि त्यावरही टक्के मिळतात. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

आता कार्ड. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र, अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्डच्या वेबसाइटवर ऑनलाइन करायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट साइज फोटो, सही किंवा अंगठ्याचा स्कॅन, आणि जुनं सर्टिफिकेट असेल तर तेही. स्वतःला जमत नसेल तर घरातलं कोणी किंवा सेतू केंद्रवाले भरून देतात, फक्त मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, दुसऱ्याचा दिला की पुढचे मेसेज आणि ओटीपी त्याच्याकडे जातात आणि मग त्याच्या मागे फिरावं लागतं. फॉर्ममध्ये हॉस्पिटल निवडायचं असतं, जिल्ह्याचं सिव्हिल बहुतेकांना सोयीचं पडतं. दिव्यांग तपासणीचे वार ठरलेले असतात, आधी विचारून मगच निघा, लांबच्या गावाहून दिसत नसलेल्या माणसाला घेऊन जायचं आणि आज बोर्ड (म्हणजे तपासणारे डॉक्टर) नाही ऐकून परत यायचं, फार वाईट वाटतं हो. डोळ्यांच्या जुन्या फाइली, ऑपरेशनचे कागद, वापरातला चष्मा, अर्जाची प्रिंट आणि ओरिजिनल आधार सगळं सोबत.

टक्के कमी लिहिलेत असं वाटलं तर गप्प बसू नका, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपिलाची सोय आहे. आणि सर्टिफिकेट टेम्पररी आहे का परमनंट ते वाचून घ्या, टेम्पररी असेल तर तारीख संपायच्या आत रिन्यू करा.

प्रवासात ओरिजिनल कार्ड जवळ ठेवा आणि तिकीट मागतानाच "दिव्यांग सवलत" म्हणा. बायकांनी तर नक्कीच, कारण मार्च २०२३ पासून महिलांना हाफ तिकीट आहे आणि कंडक्टर सवयीने तेच काढून देतात, पण तुमचा हक्क ७५ टक्क्यांचा आहे. दोन सवलती एकत्र होत नाहीत, जी मोठी ती घ्या. वय ७५ च्या वर असेल तर प्रवास फुकटच आहे, मग तिथे आधार दाखवलं की झालं. पुण्या-मुंबईच्या सिटी बसचे नियम मात्र वेगळे, त्यांच्या पास सेंटरवर जाऊन विचारा.

कार्डाने तिकीट स्वस्त होतं, समोर थांबलेली गाडी कुठली ते कळत नाही. म्हणून स्टँडवर चौकशी खिडकीत गाडीची वेळ आणि फलाट विचारून घ्या, गाडी आली की कंडक्टरला गाव मोठ्याने सांगायला लावा, चढल्यावर राखीव सीट मागून घ्या, आणि उतरायचं ठिकाण आधीच सांगून ठेवा. यात लाजायचं काही नाही, बसस्टँडवर दिव्यांगांसाठी सोयी करणं त्याच कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे सरकारचं काम आहे. कोणी कार्ड असून सवलत नाकारली तर पूर्ण तिकीट काढा पण ते फेकू नका, त्यावरची तारीख-वेळ आणि गाडी नंबर लिहून आगार व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.