हेडचे काम झाल्यावर चढावर येणारा आवाज

गेल्या उन्हाळ्यात खंबाटकी घाटात माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचे पाणी उकळले, इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, वाकले आणि साताऱ्यात हेडचे सगळे काम करून घ्यावे लागले. फेसिंग झाले, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून सपाट केला, व्हॉल्व्ह लॅप करून, म्हणजे त्यांच्या बैठकीवर घासून, बसवले, हेडखाली नवे गॅस्केट टाकले. सपाटीला गाडी पूर्वीपेक्षा छान ओढू लागली. पण यवतेश्वरचा घाट तिसऱ्या गियरमध्ये चढताना पाय दाबला, की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येई. "टॅपेट असतील, बसतील चार दिवसांत," असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले; टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग.

इंजिन पुन्हा उघडण्याआधी आवाज केव्हा येतो हे नीट ऐकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. टॅपेटची टकटक गाडी जागेवर उभी असतानाही ऐकू येते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर जलद होते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड असतो आणि त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली, की तो बराच कमी होतो. नॉकिंग मात्र भार पडल्यावर, कमी फेऱ्यांवर येते आणि पाय उचलताच थांबते. माझा आवाज तिसऱ्या प्रकारचा होता.

नॉकिंग म्हणजे धातूवर धातू आपटणे नव्हे. प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना तिच्यापुढे उरलेले मिश्रण दाबले जाते, तापते आणि ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेट घेते. त्या धक्क्याने आतला वायू सेकंदाला सात हजारांच्या आसपास कंपनांनी थरारतो आणि तीच किणकिण आपल्याला बाहेर ऐकू येते. इंधनाची याला तोंड देण्याची ताकद ऑक्टेन आकड्याने मोजतात. त्या मोजपट्टीवर आयसो-ऑक्टेन 100 आणि नॉर्मल हेप्टेन 0 धरले आहे.

हेडच्या कामाशी याचा संबंध साध्या हिशेबाने कळतो. 1,200 घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडर इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला 300 येतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, 9 असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 37.5 घनसेंटिमीटर असते. सिलिंडरचा व्यास 73 मिलिमीटर आणि ज्वलनकक्षाचे तोंड साधारण तेवढेच असेल, तर फेसिंग करताना 0.6 मिलिमीटर धातू उतरवल्यावर ही जागा सुमारे 35 वर येते आणि रेशो 9.6 च्या जवळ जातो. केसाच्या काही पट जाडीची पापुद्री उतरली, एवढेच डोळ्यांना दिसते. पण ज्योतीपुढे उरलेल्या मिश्रणाला आपोआप पेट घ्यायला मे महिन्याच्या गरम हवेत तेवढे पुरेसे होते.

मी पहिल्यांदा प्लग काढून भिंगाखाली धरले. दोन प्लगांच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक ठिपके होते, त्यांतले काही काळे आणि काही चकचकीत. चकचकीत ठिपके हे पिस्टनच्या माथ्यावरून उडालेले ॲल्युमिनियम असते. ते पाहिल्यावर पूर्ण भार देऊन घाट चढायचे मी त्याच दिवशी बंद केले.

मग टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ तपासली, कारण हेड उतरवताना प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर काढावा लागला होता आणि तो थोडासा फिरून बसला, तरी ठिणगी लवकर पडू शकते. खूण जागेवर होती. प्लग योग्य उष्णतेचे होते, रेडिएटरची हवाही काढलेली होती. कॉम्प्रेशन गेज लावल्यावर चारही सिलिंडर सारखे, पण सगळेच कंपनीच्या आकड्यापेक्षा वर निघाले. एकाच सिलिंडरचा आकडा चढला असता, तर मी तिथल्या कार्बनवर संशय घेतला असता. चारही एकदम चढले म्हणजे हेडची उंचीच कमी झाली होती. हेड उतरवून व्हर्नियरने मोजल्यावर तेच ठरले. फेसिंगच्या वेळी ती कोणी मोजलीच नव्हती, याचे मला अजूनही वाईट वाटते.

जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरल्यावर आवाज दबला होता, ठिणगी दोन अंश मागे घेतल्यावरही दबला; पण ठिणगी मागे घेतली, की ताकद घटते आणि सायलेन्सरकडे जाणारा वायू अधिक तापतो. माझ्या इंजिनासाठी जाड गॅस्केट मिळत होते; ते टाकून बोल्ट टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमाने आवळले. सुमारे 500 किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढले, तेव्हा चिनीमाती फिकट बदामी रंगाची होती आणि ठिपका एकही नव्हता.