नेट गेलं तर दिवा लागेल ना?

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, मोबाइलवरून चालणारा स्मार्ट स्विच घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न किमतीचा. दुसरा असायला हवा, "नेट गेलं तर दिवा लागेल ना?" वळवाच्या एका सरीत वीज आणि ब्रॉडबँड दोन्ही घालवणाऱ्या पुण्यात ही शंका रास्तच आहे. मात्र सुरुवातीच्या काळात शंका वेगळी होती: दिव्यापर्यंत हुकूम पोचेल तरी का?

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने घरातली उपकरणं दुरून चालवणारं एक्स-टेन काढलं. त्यात संदेश घरातल्या विजेच्या तारांतूनच जायचा. एसी प्रवाह शून्यावर आला की १२० किलोहर्ट्झचा छोटा ठोका द्यायचा, अशी युक्ती. उपकरणांसाठी पत्ते २५६. पण दिवा खरंच लागला का, याची पावती मूळच्या रचनेत नव्हती आणि दुसऱ्या फेजवरच्या खोलीपर्यंत संदेश पुष्कळदा पोचतच नसे.

मग तारांऐवजी रेडिओलहरी आल्या. त्यांवर चालणाऱ्या दोन पद्धती म्हणजे झी-वेव्ह आणि झिग्बी. झी-वेव्ह डेन्मार्कच्या झेनसिस कंपनीने आणलं. झिग्बीचं नाव मधमाश्यांच्या नाचावरून पडलं, त्याचा पाया असलेलं ८०२.१५.४ हे मानक २००३ चं. दोन्हींत पावती असते, आणि दूरच्या उपकरणाचा निरोप मधली उपकरणं पुढे पोचवतात.

अमेरिकेतल्या भाच्याकडून कंट्रोलर, म्हणजे स्विचना हुकूम देणारं यंत्र, मागवणाऱ्यांनी इथे थांबावं. झी-वेव्हची रेडिओ वारंवारता देशागणिक बदलते: भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०८.४२. तिकडचा कंट्रोलर इथल्या स्विचशी बोलणार नाही. शिवाय ८९० ते ९१५ हा पट्टा आपल्याकडे मोबाइलचा आहे. झिग्बीला ही अडचण सहसा येत नाही, कारण २.४ गिगाहर्ट्झ जगभर चालतं. मात्र सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटचा वायफायही त्याच पट्ट्यात गर्दी करून असतो.

आणखी एक गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही. बाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची, हा आपल्याकडच्या आजीचा नेम. झिग्बीचा बल्ब नुसता बल्ब नसतो, तो मधला निरोप्याही असतो. बोर्डावरचं बटण बंद झालं की निरोप्याच गायब, आणि पलीकडच्या खोलीतला दिवा रुसतो. म्हणून आपल्याकडे बल्बपेक्षा बोर्डामागे बसणारा स्विच बरा, असं माझं मत.

नंतरची शंका आणखी वाईट निघाली: कंपनी उरेल का? रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे ३०० डॉलरचा हब (घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारा डबा) बनवणारी कंपनी २०१४ मध्ये गूगलच्या नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या हबची सेवाच बंद केली. लोकांच्या घरात उरला तो नुसता डबा. एप्रिल २०२२ मध्ये इनस्टिऑन या स्मार्ट स्विच बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेतली, हे त्यांचं भाग्य. प्रत्येक कंपनीला असं गिऱ्हाईक लाभत नाही.

कंपनीच्या सर्व्हरविना घरातल्याच छोट्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर मात्र तोवर रुजलं होतं. काय क्रॉयत्सर यांचं ओपनहॅब २०१० चं, तर पाउलस स्खाउटेन यांनी २०१३ मध्ये होम असिस्टंट सुरू केलं. दोन्हींची संहिता, म्हणजे प्रोग्रामचा कोड, सगळ्यांना खुली आहे. कुणी दुकान गुंडाळलं तरी आपल्या यंत्रावरची प्रत चालू राहते. २०१४ मध्ये एस्प्रेसिफची ईएसपी८२६६ चिप हौशी मंडळींच्या हाती आली आणि वायफायचा स्विच घरी बनवणं शेकड्यांच्या खर्चात बसू लागलं. ही कंपनी शांघायची, पण तिचं एक कार्यालय पुण्यातही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठी मॅटर हे सामाईक मानक आलं. त्यात कंट्रोलर आणि उपकरण घरच्या जाळ्यातच बोलतात, दूरच्या सर्व्हरची गरज पडत नाही.

सॉफ्टवेअर घरात आलं म्हणजे विजेचा प्रश्न सुटला असं नाही. हे सॉफ्टवेअर चालवणारा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लायनीवर घ्यायला वायरमनला आधीच सांगावं लागतं. नाहीतर वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरचा दिवा तयार असतो, हुकूम देणाराच झोपलेला असतो.