केल्टिक-हिब्रू संबंधाची कल्पना

वेल्श, आयरिश, स्कॉटिश गेलिक, ब्रेटन या केल्टिक भाषा हिब्रूपासून निघाल्या किंवा निदान तिच्या जवळच्या नात्यातल्या आहेत, आणि त्या बोलणाऱ्यांचे पूर्वज बायबलमधल्या वंशावळीत सापडतात, असे मानणारे मत. भाषाशास्त्राने हे नाते एकोणिसाव्या शतकातच निकालात काढले. तरी या कल्पनेचा एक भाग अजून वादात आहे : वाक्यरचनेतले साम्य. शब्दांची साम्ये आणि वाक्यरचनेतली साम्ये या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे या विषयाचा बराच गोंधळ झाला आहे.

बायबलशी सांधा जोडण्याची खटपट जुनी आहे. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात नोहाचा मुलगा याफेथ आणि त्याचा मुलगा गोमर यांची नावे येतात. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसीफस याने गोमरला गलातियन लोकांचा, म्हणजे आशिया मायनरमधल्या केल्टांचा, मूळपुरुष ठरवले. आयर्लंडमध्ये अकराव्या शतकात आकाराला आलेल्या ‘लेबर गबाला एरेन’ या संकलनात तर पूर्ण प्रवासकथाच आहे. बाबेलच्या बुरुजापाशी भाषा फुटल्यावर फेनिअस फार्सेद हा विद्वान तिथे पोचतो, त्याचा मुलगा नेल इजिप्तच्या फारोची मुलगी स्कोटा हिच्याशी लग्न करतो, आणि त्यांच्या गोइदेल नावाच्या मुलाला साप चावल्यावर मोशे बरे करतो. गेलिक हे नाव त्या गोइदेलवरून आले, असे कथा सांगते. १३२० च्या आर्ब्रोथच्या जाहीरनाम्यात स्कॉटिश सरदारांनी पोपला लिहिताना आपल्या लोकांच्या आगमनाचा काळ इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र ओलांडल्यापासून मोजला आहे. पवित्र इतिहासात आपल्या लोकांना जागा मिळवून देणे हा त्या काळच्या ख्रिस्ती युरोपातला रूढ मार्ग होता; त्याला निव्वळ लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल.

भाषेचा मुद्दा पुढे आला तो वेल्समध्ये, तोही बायबलच्या भाषांतरकारांकडून. वेल्श बायबल १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केले. त्याच्या १६२० च्या सुधारित आवृत्तीवर काम करणारे मालुइडचे जॉन डेव्हिस यांनी लगेच १६२१ मध्ये वेल्शचे लॅटिन व्याकरण छापले आणि वेल्शचे हिब्रूशी नाते असल्याचे मांडले. दोन्ही भाषा रोज हाताखालून जाणाऱ्या माणसाला ही साम्ये दिसणे स्वाभाविक होते. हिब्रू हीच आदामाची भाषा, असा समज तेव्हा सर्वत्र होता. चार्ल्स एडवर्ड्स यांनी पुढे वेल्श आणि हिब्रू शब्दांच्या जोड्याच जमवल्या. १७०३ मध्ये पॉल-ईव्ह पेझ्रों या ब्रेटन धर्मगुरूने गोमरची कथा नव्याने मांडली. वेल्श लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणवतात, ते गोमरवरूनच, हे त्यानंतर वेल्समध्ये इतके रुजले की १८१४ मध्ये स्वान्सीत निघालेल्या पहिल्या वेल्श साप्ताहिकाचे नाव ‘सेरेन गोमर’ (गोमरचा तारा) होते. प्रत्यक्षात ‘कम्री’चा अर्थ ‘एकाच मुलखातले’ असा आहे. शिवाय हिब्रूभाषक हे नोहाच्या दुसऱ्या मुलाचे, शेमचे वंशज आणि गोमर याफेथचा. म्हणजे बायबलच्याच हिशोबाने दोघांची घराणी निराळी. ही अडचण गोमरची भाषा बाबेलहून आली असे म्हणून टाळली जाई.

एडवर्ड लुईड यांनी १७०७ मध्ये वेल्श, कॉर्निश, ब्रेटन आणि आयरिश यांची शिस्तशीर तुलना छापली, तेव्हा या भाषा एका गटातल्या आहेत हे स्पष्ट झाले. तो गट कुठे बसवायचा, हे कोलकात्याहून सुरू झालेल्या चर्चेतून ठरले. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून आल्याचे सांगितले. केल्टिकही त्याच मुळातली असावी, असे ते सावधपणे म्हणाले. जोन्स यांचे वडील वेल्सच्या अँगलसी बेटावरचे, हा एक योगायोग. जेम्स प्रिचर्ड (१८३१) आणि फ्रांझ बॉप यांनी ती सावध शंका पुराव्यात बदलली. योहान कास्पार झॉइस यांच्या १८५३ च्या व्याकरणाने पाया पक्का झाला.

मराठी वाचकाला हा पुरावा स्वतः पडताळता येतो. संस्कृत त्रि, वेल्श ‘त्री’. हिब्रू मात्र ‘शालोश’. संस्कृत दश, आयरिश ‘देख’, हिब्रू ‘एसेर’. संस्कृत राजन्, आयरिश ‘री’, हिब्रू ‘मेलेख’. पिता आणि जुन्या आयरिशमधला ‘अथिर’ वरवर दूरचे वाटतात, पण केल्टिकमध्ये मूळचा प हा ध्वनी शब्दारंभी नियमाने गळाला आहे, आणि तोच नियम इतर शब्दांनाही लागू पडतो. एडवर्ड्सच्या जोड्यांमध्ये नेमका असा नियम नाही. कोणत्याही दोन भाषांत सारखे वाटणारे शब्द शोधले तर सापडतातच.

वाक्यरचनेची गोष्ट वेगळी. उत्पत्तीचे पहिले वाक्य हिब्रूत ‘बरेशीत बारा एलोहीम’ असे सुरू होते : आरंभी, निर्माण केले, देवाने. क्रियापद कर्त्याच्या आधी. आयरिश आणि वेल्शमध्येही सामान्य वाक्य क्रियापदाने सुरू होते. ‘राजाचे घर’ हिब्रूत ‘बेत हमेलेख’, वेल्शमध्ये ‘तीर ब्रेनिन’. दोन्हीकडे निश्चयदर्शक उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) फक्त दुसऱ्या नामाला लागते. अव्यय आणि सर्वनाम एकजीव होतात : हिब्रू ‘ली, लखा, लो’, आयरिश ‘अगम, अगत’. मालकी सांगायला स्वतंत्र क्रियापद नाही. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ अशीच रचना दोन्हींत होते. आता ती मराठीतही होते, आणि त्यावरून कोणी मराठीला हिब्रूची बहीण म्हणत नाही.

जॉन मॉरिस-जोन्स यांनी १९०० मध्ये या साम्यांचे निराळे स्पष्टीकरण दिले. केल्टिक येण्यापूर्वी ब्रिटनमध्ये इजिप्शियन-बर्बर धाटणीची भाषा होती आणि तिच्या बोलणाऱ्यांनी नवी भाषा स्वीकारताना जुनी वाक्यरचना सोबत आणली, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे केल्टिक हिब्रूची वंशज नव्हे, तर हिब्रूच्या दूरच्या नातलग भाषेचा ठसा तिच्यावर उमटला. युलिउस पोकोर्नी आणि हाइनरिख वागनर यांनी हा विचार पुढे नेला. ऑरिन गेन्सलर यांनी १९९३ च्या प्रबंधात ही लक्षणे जगभरच्या भाषांशी ताडून पाहिली आणि ती एकत्र सापडणे दुर्मीळ असल्याचे दाखवले. या विषयावरचे सर्वांत काटेकोर काम तेच. थिओ फेनेमान त्याहून पुढे जाऊन अटलांटिक किनाऱ्यावरच्या सेमिटिकसदृश, म्हणजे हिब्रूच्या कुळासारख्या, भाषांची कल्पना करतात. तिथे पुरावा संपतो आणि कल्पनाशक्ती सुरू होते.

आक्षेप दोन दिशांनी येतात. एक, क्रियापद आधी ठेवणाऱ्या भाषांत अव्यये नामाआधी येतात, हे जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये दाखवले होते. म्हणजे यादीतली काही लक्षणे एकमेकांना बांधलेली आहेत. त्यांना स्वतंत्र पुरावे म्हणून मोजता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. केल्टिबेरियन आणि गॉलिश या युरोपच्या मुख्य भूमीवरच्या प्राचीन केल्टिक भाषा. स्पेनमधल्या बोटोरिता येथे सापडलेल्या केल्टिबेरियन लेखात क्रियापद शेवटी येते, आणि फ्रान्समधल्या गॉलिश लेखांतही ते नेहमी आधी नसते. तेव्हा क्रियापद पुढे येणे हा बेटांवरच्या केल्टिकमध्ये मागाहून झालेला बदल ठरतो, आणि किम मॅकोन यांच्यासारखे अभ्यासक तो भाषेच्या आतूनच झाल्याचे मानतात.

जमिनीतून मिळणारा पुरावाही या कल्पनेला फारसा आधार देत नाही. इस्राएलच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाशी सापडलेले कांस्ययुगीन कथिलाचे ठोकळे कॉर्नवॉलच्या खनिजाशी जुळतात, असा निष्कर्ष २०१९ मध्ये मांडला गेला. पण कथिल हातोहात पोचते, भाषा तशी पोचत नाही. हिब्रूच्या जवळची भाषा बोलणाऱ्या फिनिशियन या दर्यावर्दी व्यापाऱ्यांची वसाहत ब्रिटिश बेटांवर सापडलेली नाही. २०१८ मध्ये छापलेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार इ. स. पू. २५०० च्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही शतकांत ब्रिटनमधली सुमारे नव्वद टक्के वंशपरंपरा बदलली. आधीचे शेतकरी कोणती भाषा बोलत होते, याचा एकही लेखी शब्द उरलेला नाही, आणि मॉरिस-जोन्स यांचा तर्क त्याच रिकाम्या जागेवर उभा आहे.

या साऱ्याची लोकप्रिय शाखा म्हणजे ब्रिटिश-इस्राएलवाद. इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांचे वारस ब्रिटिश लोक, हे मत जॉन विल्सन यांनी १८४० च्या सुमारास पसरवले. यिर्मया संदेष्टा राजकन्येला घेऊन आयर्लंडमधल्या तारा टेकडीवर आला, ही कथा त्यातलीच. १८९९ ते १९०२ या काळात या पंथाच्या लोकांनी कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली इस्राएल लोकांची पवित्र पेटी) शोधायला तारा टेकडी खणली, तेव्हा डब्ल्यू. बी. येट्स, डग्लस हाइड आणि जॉर्ज मूर या आयरिश लेखकांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून निषेध केला. कोश मिळाला नाही, टेकडीवरच्या प्राचीन अवशेषांची नासधूस मात्र झाली.